कृपेची बरोबरीची वाटेकरीण
(शास्त्रपाठ : १ पेत्र ३:७, १ करिंथ ७:१२-१४)

पत्नी ही देवाच्या कृपेत पतीची बरोबरीची वाटेकरीण आहे. तिचा मान न राखणाऱ्याच्या प्रार्थनेस अडथळा येतो, असे पेत्र शिकवितो.

१. कृपा सक्ती करीत नाही. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी ख्रिस्ती झाल्या नाहीत. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी त्यांचे सोवळे लागलीच सुटले नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःची खात्री पटल्यावर. टिळक तापट होते, पैशाविषयी बेफिकीर होते, हेही त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लपविले नाही. तात्पर्य, कृपा निर्दोष जोडप्यांसाठीच आहे असे नाही.

२. कृपा ओझे वाटून घेते. उन्हाळ्यात पाचाडच्या बाजूस डोंगराळ वाड्यांत पाणी आटते, आणि हंडे बहुधा बायकांच्याच डोक्यावर येतात. पती शास्त्र उघडून बसला व पत्नी थकून चुलीपुढेच राहिली, तर ती कुटुंबाची उपासना कशी? पतीने एक हंडा आणावा. मग दोघांनी मिळून वचन ऐकावे.

३. कृपा क्षमा मागते. ज्या तोंडाने सकाळी पत्नीस टाकून बोललो, त्याच तोंडाने रात्री प्रार्थना करण्यापूर्वी तिची क्षमा मागावी. पत्नीनेही तसेच करावे.

उपदेशकांनी मंडळीस विचारावे : आपल्या घरी प्रार्थनेच्या वेळी कोण कामात अडकलेले असते, आणि ते काम कोणी हाती घ्यावे?