रिपोर्टवरचं ‘एनओएस’ आणि आमचे हाल

माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा. मेंदूतली गाठ काढल्यावर रिपोर्ट आला: ‘ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४, एनओएस’. सर्जनसाहेबांनी वहिनीला कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सांगितलं, ‘‘फार तर वर्ष-सव्वा वर्ष. बँकेची कागदपत्रं आवरून घ्या.’’ ग्रेड ४ त्यांनी समजावलं. एनओएसबद्दल अवाक्षर नाही.

ते कळलं दुसऱ्या मतासाठी गेलो तेव्हा. तिथल्या पॅथॉलॉजिस्टबाईंनी रिपोर्ट उलटून पाहिला आणि विचारलं, ‘‘आयडीएच या जनुकाची तपासणी कुठंय?’’ एनओएस म्हणजे जनुकीय तपासणी झालेलीच नाही! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या वर्गीकरणापासून ग्लिओमाचं निदान नुसतं सूक्ष्मदर्शकातून पाहून पुरं होत नाही. हे आम्हाला ठाऊक नसणं ठीक, पण त्यांना? वहिनी त्या रात्रीपासून झोपली नव्हती.

मग ब्लॉकसाठी, म्हणजे मेणात जतन केलेल्या गाठीच्या नमुन्यासाठी, खेटे. ‘‘ब्लॉक बाहेर देत नाही,’’ ‘‘साहेब रजेवर आहेत.’’ लेखी अर्ज देऊन पोच मागितली, तेव्हा कुठे हलले. तपासणीत आयडीएच१मध्ये बदल सापडला, १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे भाग दोन्ही गायब. म्हणजे ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, ग्रेड ३. ग्लिओब्लास्टोमाच्या २००५च्या गाजलेल्या चाचणीत रेडिएशन-टेमोझोलोमाइड घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १४.६ महिने होतं. भावासारख्या गाठीत रेडिएशनला पीसीव्ही केमोची जोड दिलेल्यांचं १४.७ वर्षं. सर्जनसाहेबांना हे दाखवलं तर म्हणाले, ‘‘रेडिएशन तर द्यायचंच होतं ना?’’

तर मंडळी, ऑपरेशनआधीच विचारा: आयडीएच, १पी/१९क्यू, एमजीएमटी इथे होतं का, नसल्यास नमुना कुठे पाठवणार? आयडीएचची साधी रंगचाचणी एकच नेहमीचा बदल पकडते. पंचावन्नच्या आतल्या रुग्णात ती निगेटिव्ह आली तर सिक्वेन्सिंगचा आग्रह धरा. ग्लिओब्लास्टोमाच निघाला तर एमजीएमटी जनुक मिथायलेटेड आहे का पाहा, टेमोझोलोमाइड किती लागू पडेल याचा अंदाज येतो. उलटंही घडतं बरं: दिसायला सौम्य गाठ, पण आयडीएच बदललेलं नाही आणि टर्ट जनुक बदललेलं, तर २०२१च्या वर्गीकरणात ती ग्रेड ४ ठरू शकते. फाइल नीट लावा, प्रश्न लिहून न्या, वगैरे सगळे सांगतातच.

हे आकडे गटाचे असतात, तुमच्या माणसाचे नव्हेत. पण तपासणीच न करता कुणी मुदत सांगत असेल, तर ती ऐकून घेऊ नका. आधी ब्लॉक मागा.