वाफ जाऊ दे, मग लिही

मनू, काल रात्री साडेअकराला तू फेसबुकवर जे लिहिलंस ते मी वाचलं. ‘चोर कंपनी, लुटारू, सगळ्यांना आत टाका!’ आणि खाली कुकरचा फोटो, तोही हललेला. कुकरला नक्की झालंय काय, ते मात्र कुठेच नाही. सकाळी सातला बदलापूरहून तुझ्या आईचा फोन : “वन्सं, तिला ते काढून टाकायला सांगा हो, कंपनीवाले केस करतील.”

काढून टाकू नकोस. नीट लिही.

आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी बावीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसले, हे तुला ठाऊकच आहे. आधी पोस्टकार्डं, मग फॅक्स, मग ईमेल. कुठलं पत्र वाचून साहेब खुर्चीतून उठायचे आणि कुठलं गुपचूप फायलीत जायचं, हे मी डोळे मिटून सांगेन. म्हणजे हे कानमंत्र तुझ्या बाजूचे, पण टेबलाच्या पलीकडून शिकलेले.

१. रागात लिहायचं तर खुशाल लिही, फक्त सकाळपर्यंत पाठवू नकोस — गॅसवरून उतरवल्या उतरवल्या झाकण ओढलं की भात छताला लागतो.

२. बिलाचा फोटो घेतल्या दिवशीच काढून ठेव — दुकानातल्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं सहा महिन्यांत उडतात, आणि बिल मुकं झालं की आपणही मुके.

३. खोका फेकण्याआधी त्यावरचा बॅच नंबर आणि बनवल्याचा महिना टिपून घे — कारखान्यात तक्रार गिऱ्हाइकाच्या नावाने शोधत नाहीत, बॅचने शोधतात. बॅच नंबर लिहिलेलं एक पत्र आलं की आम्ही गोदामातले त्या दिवशीचे सगळे डबे उघडायचो; बाकी वीस पत्रांना ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत.’

४. कुकरवर आयएसआयची खूण आहे का आणि तिच्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा क्रमांक आहे का, ते बघ. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की परवाना कुणाचा ते कळतं — कुकरला ही खूण सक्तीची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी एक लाखाचा दंड ठोठावला तो याच कारणावरून. खूण नसलेले कुकर विकले गेले होते, एकीकडून २,२६५ आणि दुसरीकडून ५९८. मोठ्या दुकानातून आलं म्हणून पारखून आलं असं नसतं, बाई.

५. झाकणात बसवलेली रिंग कंपनीचीच आहे ना, हे आधी तपास — नकली रिंगेचं पाप असली कुकरच्या माथी मारू नये.

या पाचव्या मंत्राला माझ्या नाकाची किंमत पडली आहे. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी माझ्याही कुकरच्या कडेने अशीच वाफ जायची. मी तावातावाने सोसायटीच्या फळ्यावर खडूने दुकानदाराचं नाव लिहून ‘फसवतो’ असं ठोकून दिलं. तो बिचारा स्वतः घरी आला, झाकण उलटं केलं आणि रिंग बोटावर फिरवून म्हणाला, “ताई, ही माझ्याकडची नाही.” ती मीच उल्हासनगरच्या बाजारातून स्वस्तात आणली होती. तिथल्या ‘मेड इन यूएसए’चा जुना विनोद तुला माहीत असेलच, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. तो विनोद मी स्वतः हसत हसत दहा जणांना सांगितला होता, तरी फसले ती मीच. (बाजाराला नावं ठेवत नाही हं. आपल्या घरातला पंखा, इस्त्री, मिक्सर, सगळं तिथल्याच कारागिरांनी चालतं ठेवलंय.) फळा पुसला, पण त्या दुकानासमोरून जाताना वर्षभर पदर सारखा करत होते.

६. चारचौघांत बोलण्याआधी कंपनीला एकदा लेखी कळव — ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत सांगायचं आणि महिन्याभरात ती निकालात काढायची, असा २०२० चा नियमच आहे. नाही काढली, तर ती तारीखच तुझ्या पोस्टचं पहिलं वाक्य.

७. फोनवर बोललीस तर तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक कॅलेंडरवर लिही, दुधाच्या हिशेबाशेजारी — तोंडी आश्वासन म्हणजे पाण्यावरची साय. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन कर, पैसे पडत नाहीत.

इथवर घरातलं झालं. आता चव्हाट्यावरचं.

८. वस्तूबद्दल लिही, माणसांच्या चारित्र्याबद्दल नको — ‘झाकणाच्या कडेने वाफ जाते, चाळीस मिनिटांत एकही शिट्टी नाही’ हे तू सिद्ध करू शकतेस. ‘चोर’ हे सिद्ध करायला तुला त्यांच्या तिजोरीत शिरावं लागेल.

९. बोलायचा हक्क आहे का, ही शंका मात्र मनातून काढून टाक — तो आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने अगदी अलीकडे तो पुन्हा सांगितला आहे.

ती गोष्ट आपल्या मुंबईचीच आहे, जरा सावकाश ऐक. एका इमारतीतल्या फ्लॅटवाल्यांनी बिल्डरविरुद्ध फलक लावला. त्यावर काय होतं? सोसायटी स्थापन करून दिली नाही, हिशेब देत नाहीत, पाण्याचा त्रास, लिफ्टची दुरुस्ती नाही, गळती, वाईट रस्ता. अंबरनाथ-बदलापुरात कुठल्याही नव्या इमारतीखाली उभी राहा, हीच यादी ऐकू येईल. बिल्डर, ए. सुरती डेव्हलपर्स, त्यांनी बदनामीचा फौजदारी खटला घातला. फ्लॅटवाले उच्च न्यायालयात गेले, तिथे दाद मिळाली नाही. शेवटी १७ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने खटलाच रद्द केला. विकणाऱ्याला आपल्या मालाची जाहिरात करायचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला शांतपणे निषेध करायचा, असं न्यायालय म्हणालं. पण मला त्यातलं आवडलं ते वेगळंच. न्यायाधीशांनी त्या फलकावरचे शब्द एकेक करून तपासले. शिवीगाळ नाही, फसवणूक नाही, अफरातफर नाही, असला एकही शब्द लोकांनी वापरलेला नव्हता. त्या लोकांना वाचवलं ते त्यांच्या मोजक्या शब्दांनी. आता तुझी कालची पोस्ट काढ आणि त्या फलकाशेजारी ठेवून वाच. हसू आलं ना?

१०. आईची भीती अगदीच खोटी नाही, तिला हसू नकोस — बदनामी आपल्याकडे अजून गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. पण त्याच कलमात अपवादही आहेत. आपल्या किंवा लोकांच्या हितासाठी सद्भावनेने केलेलं बोलणं त्यात बसतं. सद्भावना म्हणजे काय? तर बोलण्याआधी झाकण उलटं करून रिंग बघणं.

११. जे तपासलं नाहीस ते सांगू नकोस — स्वयंपाकघरातला प्रयोग म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. २०१८ मध्ये एका यूट्यूबवाल्याने पॅराशूट खोबरेल तेलाच्या शुद्धतेवर व्हिडिओ केला. मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओ काढायचा आदेश झाला. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने काही बदल करून तो दाखवायची मुभा दिली. बोलणं बंद नाही झालं, नको तेवढं कापलं गेलं. आपणच आधी कापलं असतं तर वकिलाचे पैसे वाचले असते.

१२. ‘या कंपनीचे सगळे कुकर असेच’ असं कधीही म्हणू नकोस — तू एकच कुकर घेतलास, दुकान नाही.

१३. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, आणि तो मध्ये न कापता — सुरुवातीला तळावरचा नंबर दाखव, मग वाफ. मागे टीव्ही बंद ठेव, मालिकेतल्या सासूचं रडणं पुराव्यात नको.

१४. मैत्रिणींना ‘तुम्हीपण एक तारा द्या गं’ म्हणू नकोस — ज्यांनी कुकर घेतलाच नाही त्यांनी दिलेला तारा खोटाच, मग तो पाच असो की एक. कंपन्यांनी पैसे देऊन लिहून घेतलेल्या खोट्या तारीफांचा आपल्याला राग येतो ना?

१५. दुकानातल्या पोराचं किंवा कुरिअरवाल्याचं नाव, नंबर, फोटो टाकू नकोस — कुकर त्याने ओतलेला नाही, आणि त्याची नोकरी आपल्या वाफेवर शिजवू नये.

१६. कंपनीने उत्तर दिलं तर तेही पोस्टखाली लाव, पटलं नसलं तरी — दोन्ही बाजू दिसल्या की वाचणारा तुझ्यावर विश्वास ठेवतो. याचीही एक मोठी केस आहे. अहमदाबादच्या ग्राहक चळवळीतले मनुभाई शाह यांनी आयुर्विमा महामंडळावर टीका केली. महामंडळाने आपल्या अधिकाऱ्याचं उत्तर स्वतःच्या मासिकात छापलं, पण शाहांचं प्रत्युत्तर छापायला नकार दिला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तेही छापा. आपण महामंडळाला जे नाकारू देत नाही, ते स्वतः कसं नाकारायचं?

१७. वकिलाची नोटीस आली तर पहिल्या रात्री काहीच करू नकोस. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ, सकाळी वकिलाला दाखव — नोटीस म्हणजे निकाल नव्हे. २०२३ मध्ये एका पोराने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला आणि नोटीस आल्यावर मागे घेतला, पण तोवर देशभर ती चर्चा झाली होती. त्याच वर्षाअखेरीस कंपनीने वरून घातलेली साखर कमी केल्याच्या बातम्या आल्या.

१८. पैसे परत मिळाले की पोस्ट पुसू नकोस, खाली तारीख घालून ‘मिळाले’ असं लिही — पुढच्या बाईला दोन्ही कळलं पाहिजे, बिघडतं काय आणि हलतं कोण. मात्र ‘यापुढे काही बोलणार नाही’ अशा कागदावर सही मागितली तर तो कागद आधी माझ्याकडे घेऊन ये.

१९. फेसबुकवर लिहिलं म्हणजे तक्रार केली असं समजू नकोस — ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग तुझ्या भिंतीवर येऊन वाचत नाही. दोन वर्षांच्या आत अर्ज कर. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही. जुलै २०२० मध्ये नवा कायदा लागू झाल्यापासून कंपनी कुठल्याही राज्यातली असो, तू राहतेस तिथे तक्रार करता येते. ऑनलाइनही होते, तुला तर सोपं.

२०. आणि हो, चांगलं निघालं तर तेही लिही गं — गुढीपाडव्यालाही जिचा आवाज तक्रारीचाच, तिची खरी तक्रारही कुणी ऐकत नाही. आमच्या टेबलावर बावीस वर्षांत कौतुकाची पत्रं आली ती एका शर्टाच्या खोक्यात मावली. त्यातली दोन साहेबांनी काचेखाली लावली होती.

आता पोस्ट अशी लिही : कुकर कधी, कुठून, केवढ्याला घेतला, पहिल्यांदा वाफ कधी गेली, रिंग मूळचीच आहे, कंपनीला कधी कळवलं, काय उत्तर आलं, तुला काय हवंय, बदलून की पैसे. सहा ओळी होतील.

पण तोवर तो कुकर गॅसवर चढवू नकोस, पातेल्यात वरण शिजव. रविवारी सकाळच्या लोकलने अंबरनाथला ये, कुकर पिशवीत घाल, रिंग काढू नकोस, बसवलेलीच आण. झाकण मी उलटं करून बघणार आहे. आणि आईला म्हणावं, वन्संनी डाळ भिजत घातली आहे.