महाजालावरील माहितीची वेचणी आणि तिचे साचे

कापसाची बोंडे फुटली म्हणजे शेतकरी त्यांतील कापूस तेवढा वेचून घेतो. झाड, पाने व देठ जागच्या जागी राहतात. महाजालावरील पानांतून हवी तेवढीच माहिती यंत्राकडून निवडून घेण्याच्या क्रियेलाही वेचणी हेच नाव शोभते. संगणकाच्या व्यवसायात तिला ‘वेब स्क्रेपिंग’ म्हणतात. वेचणीची आज्ञावली एकदा तयार झाली की तिचा साचा करून तो ऑनलाइन बाजारपेठेत विकता येतो. या व्यापारामागील तत्त्व, त्याचे लाभ व त्यातील धोके समजून घेण्यास चेन्नई शहराच्या पाण्याचा हिशेब हे उत्तम उदाहरण होय.

चार जलाशय आणि एक तक्ता

चेन्नईजवळ बारमाही वाहणारी मोठी नदी नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसाचे पाणी साठवून ठेवण्यावर शहराची मोठी भिस्त असते. यासाठी पूंडी, चोळावरम, पुळल व चेंबरंबाक्कम हे चार जलाशय दीर्घकाळ उपयोगात आहेत. त्यांची क्षमता अनुक्रमे ३,२३१, १,०८१, ३,३०० व ३,६४५ दशलक्ष घनफूट आहे. एकूण बेरीज ११,२५७ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ३१,९०० कोटी लिटर होते.

जून २०१९ मध्ये या चार जलाशयांतील एकत्रित साठा क्षमतेच्या एक टक्क्याहूनही खाली गेला. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्याचप्रमाणे जुलै २०१९ मध्ये जोलारपेट्टैहून चेन्नईला पाण्याच्या गाड्या धावू लागल्या. अशा वेळी जलाशयात आज किती पाणी आहे आणि गेल्या वर्षी याच दिवशी किती होते, हा घरोघरचा प्रश्न बनतो.

शहराचे पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ जलाशयांच्या साठ्याचा तक्ता आपल्या संकेतस्थळावर रोज प्रसिद्ध करते. परंतु एका दिवसाचा तक्ता एका दिवसाचेच चित्र दाखवतो. पंधरा वर्षांची चढउतार पाहावयाची तर सुमारे साडेपाच हजार दिवसांचे आकडे एकत्र करावे लागतील. प्रत्येक पानास एक मिनिट धरले तरी माणसाला ते उतरवण्यास नव्वदांहून अधिक तास लागतील. यंत्राने प्रत्येक पानानंतर पाच सेकंद विश्रांती घेतली, तरी तेच काम आठ तासांच्या आत संपते. २००४ ते २०१९ या काळातील या जलाशयांच्या दैनंदिन नोंदींचा असा संग्रह ‘कॅगल’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी उपलब्ध झाला आहे.

वेचणी कशी होते

वाचकास पडद्यावर जे पान दिसते, ते संगणकाकडे खुणांनी भरलेल्या मजकुराच्या रूपाने येते. तक्ता कोठे सुरू होतो, ओळ कोठे संपते, कोणता मजकूर मथळ्याचा आहे, हे त्या खुणा सांगतात. वेचणीची आज्ञावली चार कामे करते. प्रथम ती पानाची मागणी करते. नंतर आलेल्या मजकुरातील खुणा ओळखते. मग हव्या त्या रकान्यातील आकडा उचलते. आणि शेवटी तो आपल्या वहीत, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, नोंदवते.

आता या आज्ञावलीतील विशिष्ट गोष्टी काढून त्यांच्या जागी रिकाम्या जागा ठेवल्या, तर साचा तयार होतो. पानाचा पत्ता, तक्त्याचा मथळा, रकान्याचे नाव, आरंभीची व शेवटची तारीख, एवढे ग्राहकाने भरावयाचे. बाकीचे काम साच्यातच बांधलेले असते. आज्ञावली लिहिता न येणाऱ्या दुकानदारास, वार्ताहरास किंवा संशोधकास त्याचा उपयोग होतो.

साच्यांची बाजारपेठ

साच्याचे अर्थशास्त्र मातीच्या घड्याहून निराळे आहे. दुसरा घडा घडविण्यास पुन्हा माती व श्रम लागतात. साच्याची दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. म्हणून एका ग्राहकास न परवडणारे श्रममूल्य शेकडो ग्राहकांत वाटले जाते. २०१५ साली प्राग येथे स्थापन झालेल्या ‘ॲपिफाय’च्या बाजारपेठेत बाहेरचे निर्मातेही आपल्या वेचणी-आज्ञावल्या ठेवतात व वापरानुसार मोबदला मिळवितात. खुद्द चेन्नईत वाढलेल्या ‘झोहो’ व ‘फ्रेशवर्क्स’ या कंपन्यांनीही आपल्या मुख्य आज्ञावल्यांना जोडावयाच्या पूरक आज्ञावल्यांसाठी बाजारपेठा उघडल्या आहेत. त्यांतही बाहेरच्या निर्मात्यांना स्थान आहे.

मात्र प्रत फुकट निघाली तरी देखभाल फुकट होत नाही. घडा विकला की कुंभाराचा संबंध बहुधा संपतो. साचा विकणाऱ्याचा संबंध तेथून सुरू होतो. ज्या पानावर साचा अवलंबून आहे ते पान दुसऱ्याच्या मालकीचे असते, आणि तो ते केव्हाही बदलू शकतो. म्हणूनच पुष्कळ विक्रेते एकरकमी किमतीऐवजी मासिक शुल्क किंवा प्रत्येक नोंदीमागे दर आकारतात.

मूक चूक

नोव्हेंबर २०२० मध्ये कन्ननकोट्टै–थेर्वॉय कंडिगै या पाचव्या जलाशयाचे उद्घाटन झाले. त्याची क्षमता ५०० दशलक्ष घनफूट असल्यामुळे एकूण क्षमता ११,७५७ झाली. समजा, एखाद्या जुन्या साच्यात ‘पाचव्या ओळीतील आकडा ही एकूण बेरीज’ असा नियम आहे. तक्त्यात नव्या जलाशयाची ओळ येताच हा साचा त्या लहान जलाशयाचा साठा सबंध शहराचा साठा म्हणून सांगेल. जलाशय तुडुंब भरले असताही ग्राहकास दुष्काळ दिसेल! याउलट, साच्यात एकूण क्षमता ११,२५७ अशी कायमची लिहिली असेल, तर ५,८७८ दशलक्ष घनफूट साठा असताना तो ५० ऐवजी ५२ टक्के दाखवील.

साचा बंद पडला तर ग्राहक तक्रार करतो व दुरुस्ती होते. परंतु न थांबता चुकीचा आकडा देणारा साचा अधिक घातक होय, कारण त्यावर कोणीही संशय घेत नाही. यावर उपाय साधे आहेत. ओळीचा क्रमांक न मोजता जलाशयाचे नाव वाचावे. साठा क्षमतेहून अधिक आढळल्यास थांबावे. सर्व ओळींची बेरीज पानावर दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. चांगल्या साच्याची पारख त्याच्या वेगावरून करू नये. शंका येताच तो थांबतो की नाही, हे पाहावे.

हक्क आणि मर्यादा

साचा विकत घेतल्याने माहितीवर हक्क मिळत नाही. शेत दुसऱ्याचे असेल तर विळा स्वतःचा असूनही पीक कापता येत नाही. यंत्राने कोणती पाने मागू नयेत हे सांगण्याची ‘रोबोट्स’ धारिकेची प्रथा १९९४ पासून चालत आली असून २०२२ मध्ये तिला लेखी मानकाचे रूप मिळाले. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार, संगणकाच्या मालकाच्या अथवा ताबेदाराच्या परवानगीवाचून त्यातील माहिती उतरवून घेतल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. व्यक्तींच्या माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमही लक्षात घ्यावा लागतो. शिवाय, क्षणाक्षणाला मागण्या करून एखाद्या सार्वजनिक संकेतस्थळावर भार टाकणे म्हणजे गावच्या नळावर एकट्यानेच रांग अडविणे होय.

जलाशयाचा आकडा सर्वांच्या उपयोगाचा आहे, आणि तो खरा असेल तरच उपयोगाचा आहे. वेचणारा, साचा विकणारा व साचा वापरणारा या तिघांनीही ही जबाबदारी ओळखली पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वेचणीची आज्ञावली आणि तिचा साचा यांत काय फरक आहे?
२. बंद पडलेल्या साच्यापेक्षा चुकीचा आकडा देणारा साचा अधिक घातक का?
३. आपल्या जवळच्या धरणाच्या साठ्याचे आकडे सात दिवस स्वतः नोंदवा. त्यांतील चूक ओळखण्यासाठी दोन नियम तयार करा.