जुन्या मोटारीतील वातानुकूलन व नवा शीतक वायू

जुन्या मोटारींच्या वातानुकूलन यंत्रणेत ‘आर-१२’ हा शीतक वायू वापरला जात असे. अशा वायूंतील क्लोरीनमुळे वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनचा नाश होतो, असा इशारा मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. पुढे १९८७ च्या माँट्रियल करारान्वये या वायूचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. भारत १९९२ मध्ये या करारात सहभागी झाला. त्यामुळे जुनी मोटार जतन करणाऱ्यास तिची यंत्रणा बहुधा ‘आर-१३४ए’ या क्लोरीनविरहित वायूसाठी बदलून घ्यावी लागते.

हा बदल म्हणजे केवळ एक वायू काढून दुसरा भरणे नव्हे. आर-१२ मध्ये खनिज तेल विरघळते व वायूबरोबर फिरून कॉम्प्रेसरला वंगण पुरविते. आर-१३४ए मध्ये ते नीट मिसळत नाही. ते नळ्यांत साचते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून निकामी होतो. म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. जुना वायू हवेत न सोडता यंत्राच्या साहाय्याने टाकीत काढून घ्यावा.

२. कॉम्प्रेसर उतरवून जुने तेल निथळू द्यावे व नळ्या धुऊन घ्याव्यात. नंतर एस्टर जातीचे तेल योग्य प्रमाणात घालावे.

३. ओलावा शोषणारा ड्रायर नव्या वायूस चालेल असाच बसवावा. सांध्यांतील रबरी कड्या बदलाव्यात. जीर्ण होजही बदलावेत.

४. वायू भरण्याच्या तोंडांवर आर-१३४ए साठीचे निराळे जोड बसवावेत, म्हणजे पुढे चुकीचा वायू भरला जाणार नाही.

५. गळतीची तपासणी कोरड्या नायट्रोजनने करावी. ऑक्सिजन कदापि वापरू नये, कारण तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. त्यानंतर किमान अर्धा तास निर्वात पंप चालवावा.

६. नवा वायू मूळ वजनाच्या सुमारे ८० ते ९० टक्के भरावा. मूळ प्रमाण १ किलोग्रॅम असल्यास ८०० ते ९०० ग्रॅम पुरतो.

७. नव्या वायूचे व तेलाचे नाव लिहिलेली चिठ्ठी इंजिनाजवळ चिकटवावी.

कडक उन्हात आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा अधिक चढतो. त्यामुळे कंडेन्सर स्वच्छ व पंखा सुस्थितीत असावा, तसेच दाब वाढताच कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच बसवावा. असे न केल्यास थंडावा कमी मिळतो.

स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा मोह टाळावा. तो ज्वालाग्राही असून गळती झाल्यास प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते.

आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नसला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता रोखतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार त्याचाही वापर घटवावयाचा आहे. म्हणून वायू कोणताही असो, तो यंत्रणेतच राहील अशी दक्षता घेणे हेच या कामातील मुख्य कर्तव्य होय.