तळावलीची संत आन्ना: कथा आणि लोकाचार

संत आन्ना ही मरियेची माता. तिची कथा बायबलात नसून याकोबाच्या नावावरील दुसऱ्या शतकातील ग्रंथात येते. तीत आन्नेचा पती योआखीम मंदिरात अर्पणे आणतो. परंतु निपुत्रिकास अग्रक्रमाचा अधिकार नाही, या कारणास्तव त्याला अडविले जाते.

गोव्यात तिसवाडीतील तळावली येथे १६९५ मध्ये पूर्ण झालेले या संतेचे भव्य बरोक चर्च आहे. तेथील जुलैच्या फेस्तात अपत्यहीन दांपत्ये पावसाळी तवसे वाहून मूल मागतात. फळाने ओटी भरण्याच्या रीतीशी याचे साम्य दिसते. तथापि यास जुन्या रूढीचा केवळ अवशेष मानणे अपुरे ठरेल. कथेत निपुत्रिकाचे अर्पण अडविले गेले. तळावलीत ते स्वीकारले जाते. लोकाचाराने कथेला दिलेले हे उत्तर होय.