धांव आणि फेंक
एका लहान कॉलेजच्या फुटबॉल संघाची कथा व तींतील गणित

फुटबॉल हें नांव ऐकतांच आपल्या शाळेंतील मुलांच्या डोळ्यांपुढें पायानें मारावयाचा वाटोळा चेंडू येतो. अमेरिकेंतील कॉलेजांत त्याच नांवानें जो खेळ खेळला जातो, तो मात्र याचा दूरचा भाऊबंद शोभेल इतका निराळा आहे. तेथें चेंडू लांबट, दोन्ही टोंकांस निमुळता असतो. तो बहुधा हातांतच असतो, आणि पायाचा संबंध क्वचितच येतो. त्या खेळांतील एका जुन्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. चेंडू उराशीं धरून धांवत न्यावा, कीं पुढें गेलेल्या गड्याकडे हवेंतून फेंकावा? लहान कॉलेजला हा प्रश्न विशेष टोंचतो. मोठ्या विद्यापीठांत धिप्पाड मुलांचा भरणा असतो. लहान कॉलेजला जे गडी मिळतील त्यांवरच भागवावें लागतें.

प्रथम खेळाची घडण ध्यानांत घ्यावी. प्रत्येक पक्षांत अकरा गडी असतात. एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत मैदान १०० यार्ड लांब. ज्या पक्षाच्या हातीं चेंडू असेल त्याला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत दहा यार्ड पुढें सरकलें कीं पुन्हां नवे चार प्रयत्न. न सरकलें तर चेंडू प्रतिपक्षाचा. असें सरकत सरकत गोलरेषा ओलांडली म्हणजे टचडाउन झालें. त्याचे सहा गुण, व पाठोपाठ चेंडू लाथेनें खांबांमधून धाडल्यास आणखी एक. चेंडू घेऊन धांवणाऱ्याला प्रतिपक्षाचे गडी, हुतूतूंत आंत शिरलेल्या गड्याला धरावें तसे, कवेंत धरून खालीं पाडतात. तो पडला कीं तो प्रयत्न संपला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं पुढें फेंकण्याची मुभाच नव्हती. तेव्हां दहा नव्हे, पांच यार्ड सरकावयाचे असत व त्यासाठीं तीन प्रयत्न मिळत. साहजिकच सगळे गडी एकमेकांस बिलगून, हात गुंफून, चेंडूवाल्यास ढकलीत व ओढीत समोरच्या रांगेवर आदळत. डोक्याला कित्येकांच्या कांहीं संरक्षणहि नसे. १९०५ च्या एका हंगामांत अठरा-एकोणीस तरुण या खेळापायीं दगावले. त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रमुखांस व्हाइट हाउसमध्यें बोलावून खेळ सुधारण्याची निकड सांगितली. हंगाम संपल्यावर कोलंबिया विद्यापीठानें खेळ बंदच केला. कॅलिफोर्निया व स्टॅनफर्ड हीं विद्यापीठें रग्बीकडे वळलीं. ज्या घरांतून मुलगा गेला त्या घरीं नियमांची चर्चा कोण ऐकणार! तरी खेळ टिकवावयाचा तर नियम बदलणेंच प्राप्त होतें.

१९०६ सालीं ते बदलले. सरकावयाचें अंतर पांचाचें दहा यार्ड करण्यांत आलें, दोन्ही रांगांमध्यें मोकळी पट्टी ठेवण्यांत आली, आणि चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली. गर्दी फोडून गडी मैदानभर पसरावेत हा हेतु. परवानगी मात्र हातचें राखून दिलेली होती. फेंकलेल्या चेंडूला कोणाचाहि हात न लागतां तो भुईवर पडला तर तो थेट प्रतिपक्षास मिळे. एवढी जोखीम कोण पत्करणार? ५ सप्टेंबर १९०६ रोजीं सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सननें विस्कॉन्सिन संस्थानांतील कॅरोल कॉलेजविरुद्ध अशी पहिली फेंक केली, ती वायां गेली. त्याच सामन्यांत पुढची फेंक जॅक श्नायडरच्या हातीं पडून टचडाउन झालें. पुढच्या वर्षीं कार्लाइल येथील इंडियन शाळेच्या मुलांनीं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या मातबर संघास २६–६ असें हरविलें, त्यांतहि फेंकीचा वाटा होता. तरी पूर्वेकडील जुनीं विद्यापीठें या युक्तीकडे पोरखेळ म्हणूनच पाहत राहिलीं. १९१२ पर्यंत नियम आणखी सैल झाले. चौथा प्रयत्न मिळाला, टचडाउनचे सहा गुण झाले, आणि फेंक वीस यार्डांहून लांब जाऊं नये ही अटहि निघाली. आतां दार उघडें होतें. आंत शिरणारा पाहिजे होता.

इंडियाना संस्थानांत साउथ बेंड या गांवीं नॉटर डेम नांवाचें कॅथॉलिक कॉलेज आहे. आज तें मोठें विद्यापीठ आहे व त्याचें नांव सर्वतोमुखीं आहे. परंतु १९१३ सालीं पूर्वेकडे त्याला फारसें कोणी ओळखीत नव्हतें. त्या वर्षीं जेसी हार्पर हे तेथें नवे शिक्षक म्हणून आले. याआधीं ते वॉबॅश या त्याहूनहि लहान कॉलेजांत होते. थोड्या गड्यांत कसें निभवावें हें अशा ठिकाणीं आपोआपच शिकावें लागतें. संघाचा नायक न्यूट रॉकनी हा नॉर्वेंत जन्मलेला, लहानपणीं शिकागोस आलेला तरुण. तो पोस्टांत नोकरी करून पैसे सांठवून बाविसाव्या वर्षीं कॉलेजांत दाखल झाला होता. त्याचा मित्र गस डोरे हा क्वार्टरबॅक, म्हणजे खेळाचीं सूत्रें हालविणारा गडी. दोघेहि अंगानें लहानखुरे. डोरेचें वजन तर दीडशें पौंडांच्याहि आंत.

१९१३ च्या उन्हाळ्यांत हे दोघे ओहायोमध्यें ईरी सरोवराच्या कांठीं सीडर पॉइंट या विहारस्थळीं नोकरीस राहिले. काम संपलें कीं वाळूंत उतरून डोरेनें फेंकावें व रॉकनीनें झेलावें, हा त्यांचा नित्यक्रम. येथें बारकाई पाहण्यासारखी आहे. तोंवर पुष्कळसे गडी उभ्या जागीं थांबून चेंडू पोटाशीं धरून झेलीत. रॉकनीनें पळतां पळतां, वेग न मोडतां, हात सैल ठेवून बोटांनींच चेंडू घेण्याचा सराव केला. डोरेनें खांद्यावरून, चेंडू आपल्या लांब आंसाभोंवतीं गरगर फिरत जाईल असा फेंकण्याचा सराव केला. तसा फिरणारा चेंडू हवेंत डुलत नाहीं. सरळ व लांब जातो. गडी आज ज्या जागीं आहे तेथें न फेंकतां तो दोन क्षणांनीं ज्या जागीं पोहोंचेल तेथें फेंकावयाचें, हें त्यांच्या सरावाचें मर्म. त्या काळचा चेंडू आजच्याहून फुगीर होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या उन्हाळ्याचे कष्ट कळतात.

१ नोव्हेंबर १९१३ रोजीं हा संघ हडसन नदीवरील वेस्ट पॉइंट येथें सैनिकी विद्यालयाच्या, म्हणजे आर्मीच्या, संघाशीं खेळावयास गेला. आर्मीचे गडी वजनदार व कसलेले होते; त्या सालीं त्यांचा एवढा एकच पराभव झाला, यावरून त्यांचें बळ ओळखावें. नॉटर डेमजवळ रे आयकेनलॉब नांवाचा भारदस्त फुलबॅक होता. तो रांग फोडून आंत घुसणार हें गृहीत धरून आर्मीचे गडी दाटीनें उभे राहिले. डोरेनें मग चेंडू हवेंत सोडण्यास आरंभ केला. रॉकनीनें पुढें सांगितलेली एक गंमत प्रसिद्ध आहे. कांहीं डाव तो मुद्दाम लंगडत चालला. समोरच्या गड्यानें त्याच्यावरील लक्ष काढून घेतलें. तोंच हा सुसाट सुटला, आणि डोरेचा चेंडू अलगद त्याच्या हातीं येऊन टचडाउन झालें.

आर्मीनें हार मानली नाहीं. त्यांनीं दोन टचडाउन करून १३–७ अशी आघाडी घेतली. मध्यंतरास नॉटर डेम १४–१३ असा केवळ एका गुणानें पुढें होता. खरा धडा यापुढेंच आहे. फेंकीचा धाक बसल्यामुळें आर्मीचे गडी मागें सरकले, बाजूंस पसरले, रांग विरळ झाली. आतां आयकेनलॉबला वाट मिळूं लागली. तो मधून घुसूं लागला, जो प्लिस्कानेंहि मोकळ्या जागेचा फायदा उठविला. आर्मीचे गडी त्यांना अडविण्यास पुन्हां दाटले कीं डोरेची फेंक त्यांच्या डोक्यावरून गेलीच म्हणून समजावें. उत्तरार्धांत नॉटर डेमनें २१ गुण केले, आर्मीनें एकहि नाहीं. निकाल ३५–१३. डोरेच्या १७ फेंकींपैकीं १४ साधल्या व त्यांतून २४३ यार्ड मिळाले, अशी नोंद आहे.

दुसऱ्या दिवसापासून लोक फेंकीचेंच कौतुक करूं लागले. कोणी कोणी तर ही युक्ति नॉटर डेमनेंच शोधून काढली असें म्हणूं लागले. तें खरें नव्हे, हें वर सांगितलेल्या सालांवरून उघड आहे. माझ्या मतें दुसरी चूक याहून मोठी आहे. फेंक ही धांवेच्या जागीं आली असें ते समजले. वास्तविक ती धांवेच्या मदतीस आली होती, आणि धांव तिच्या मदतीस.

हें थोड्या हिशेबानें पाहूं. चौथा प्रयत्न बहुतेक संघ चेंडू दूर लाथाडून देण्यासाठीं राखतात. म्हणजे हातीं तीनच प्रयत्न राहिले. प्रत्येक वेळीं साडेतीन यार्ड धांवलें तर साडेदहा यार्ड होतात आणि काम भागतें. परंतु समोर सातआठ गडी दाटीनें उभे असतांना साडेतीन यार्ड कोठून मिळणार! दोनच मिळतात, तिहीं मिळून सहा, चेंडू गेला. एक गडी जरी फेंकीच्या भयानें मागें गेला, तरी रांगेंत फट पडते, आणि दोनाचे चार यार्ड होतात.

आतां उलट बाजू. पहिल्या प्रयत्नांत धांवणारा सहा यार्ड गेला असें समजा. चार यार्ड उरले, प्रयत्न अजून पुष्कळ. पुढें धांव येईल कीं फेंक, हें बचाव करणाऱ्याला सांगतां येत नाहीं. त्याचें एक पाऊल पुढें व एक मागें राहतें. याउलट पहिली फेंक भुईवर पडली आणि दुसऱ्या प्रयत्नांत एकच यार्ड मिळाला, तर तिसऱ्या प्रयत्नाला नऊ यार्ड हवे असतात. आतां फेंकच येणार हें मैदानाबाहेरच्या पोरासोरालाहि कळतें. बचावाचे गडी झेलणाऱ्याला घेरून उभे राहतात, बाकीचे फेंकणाऱ्यावर तुटून पडतात, आणि चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं पडण्याचा संभव वाढतो. म्हणून धांवेनें मिळालेले ते पहिले सहा यार्ड केवळ अंतर नव्हेत. त्यांनीं पुढच्या फेंकीसाठीं गुप्तता मिळवून दिली. समतोल म्हणजे दहा धांवा व दहा फेंकी असा तराजूचा हिशेब नव्हे. एखाद्या दिवशीं तीस धांवा व आठ फेंकी होऊनहि संघ समतोल असूं शकतो. त्या आठांची धास्ती प्रत्येक वेळीं समोरच्याला वाटली म्हणजे झालें. आणि फेंक साधत नसलेल्या संघानें उगीच मोजणीसाठीं वीस फेंकी केल्या, तर त्याला कोणी भीत नाहीं.

रॉकनीच्या उत्तर आयुष्यांत याचें प्रत्यंतर दिसतें. तो १९१४ सालीं पदवीधर झाला, तेथेंच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत साहाय्यक व हार्पर यांच्या हाताखालीं संघाचा उपशिक्षक म्हणून राहिला, आणि १९१८ पासून १९३० पर्यंत मुख्य शिक्षक होता. त्या काळांत त्याच्या संघांनीं १०५ सामने जिंकले, केवळ १२ गमावले, ५ बरोबरींत सुटले. ज्याचें नांव फेंकीमुळें झालें त्याच्या संघांची ख्याति मात्र मुख्यत्वें धांवण्याबद्दल होती. १९२४ सालीं ज्या चौघांना एका वृत्तपत्रकारानें ‘चार घोडेस्वार’ म्हटलें ते चपळ, हलके, पायांच्या जोरावर खेळणारे गडी होते. फेंक त्यानें हाताशीं ठेवली, पण जपून वापरली. १९३१ सालीं कॅन्सास संस्थानांत विमान कोसळून त्याचा अंत झाला.

नियम यानंतरहि अनेकदां बदलले. चेंडू निमुळता झाला, आणि आज फेंकीवांचून कोणाचेंच चालत नाहीं. परंतु तिसऱ्या श्रेणींत मोडणारीं दोनशेंहून अधिक लहान कॉलेजें हा खेळ खेळतात, तीं खेळासाठीं शिष्यवृत्ति देत नाहींत. जीं मुलें शिकावयास येतात त्यांतूनच संघ उभारावयाचा. एखाद्या वर्षीं उत्तम फेंकणारा मिळतो पण त्याच्यापुढें ढालीसारखे उभे राहणारे जड गडी नसतात; दुसऱ्या वर्षीं गडी असतात, हात नसतो. तेथील शिक्षकाला दर हंगामास धांव व फेंक यांचें प्रमाण नव्यानें ठरवावें लागतें, आणि ठरविलेलें प्रमाण पहिल्याच पावसाळी सामन्यांत, ओल्या चेंडूपायीं, मोडावेंहि लागतें.

नॉटर डेमनें १९१३ चा हंगाम सातपैकीं सातहि सामने जिंकून संपविला. आर्मीच्या गड्यांनीं आपल्या मैदानावर जें पाहिलें तें फुकट जाऊं दिलें नाहीं. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्क येथें आरमारी विद्यालयाशीं त्यांचा वार्षिक सामना झाला. तेथें आर्मीनेंहि चेंडू पुढें फेंकला, आणि सामना २२–९ असा जिंकला.