रिपोर्ट नॉर्मल, छाती मात्र दुखते

माझ्या फाइलमध्ये निदानाच्या रकान्यात आजाराच्या नावाआधी डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह काढलंय. ‘मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना’ असावा, पण छातीठोकपणे सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. (छाती ठोकायची माझीही आता तयारी नाही.) चढ चढताना, गार वाऱ्यात, जेवून लगेच चालायला लागले की छातीवर दडपण येतं आणि कळ जबड्यापर्यंत जाते. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतात ती चाचणी) पॉझिटिव्ह, अँजिओग्राफी मात्र स्वच्छ. पाळी जाण्याच्या सुमाराला हे सुरू झालं आणि अजून आहे. भोपाळसारख्या चढउतारांच्या गावात असं दुखणं घेऊन राहताना जे हाती लागलं, ते लिहिते. मी डॉक्टर नाही, सरकारी शाळेत गणित शिकवते.

१. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे जिथे पाहिलं तिथे काही नाही, एवढंच.

अँजिओग्राफीत हृदयावरच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असलेल्या, स्नायूच्या आत शिरणाऱ्या वाहिन्या तीत दिसत नाहीत. हमीदिया रोड मोकळा आहे म्हणून चौकातल्या गल्ल्याही मोकळ्या असतील, असं भोपाळचा कुणी माणूस म्हणणार नाही. या बारीक वाहिन्या गरज पडेल तेव्हा नीट रुंदावल्या नाहीत किंवा आकसल्या, तर स्नायूला रक्त कमी पडतं आणि दुखतं.

ज्या दवाखान्यात मला पहिल्यांदा ‘बिलकुल नॉर्मल है, टेन्शन मत लीजिए’ असं सांगून घरी पाठवलं, तिथल्या डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. पण माझ्यासारख्या रुग्णांना वर्षानुवर्षं जगभर हेच ऐकवलं जात होतं. १९७३ साली हार्वे केम्प या अमेरिकन डॉक्टरांनी या प्रकाराला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. एक्स म्हणजे अज्ञात, ते गणिताच्या बाईंना वेगळं सांगायला नको. १९९६ मध्ये अमेरिकेत ‘वाइज’ नावाचा खास बायकांच्या छातीदुखीचा अभ्यास सुरू झाला. वाहिन्या मोकळ्या असूनही यांतल्या बऱ्याच जणींच्या हृदयाला रक्त खरोखरच कमी पडतं, हे त्यातून पुढे आलं. तोवर कितीजणींनी अँटासिड खाऊन दिवस काढले असतील, कोण जाणे.

२. डॉक्टरांना ‘कसंतरी होतं’ असं सांगू नका.

आपल्याकडे बायकांना दुखणं सांगायची सवयच नसते. सांगितलं तर ‘जीव घाबरतो’, ‘बेचैनी होते’ असलं काहीतरी, आणि ते ऐकलं की समोरच्याची लेखणी झोपेच्या गोळीकडे वळते. मी घटना सांगायला लागले. शाळेचा दुसरा जिना चढताना सुरू झालं, हातात वह्यांचा गठ्ठा होता, थांबले तरी बराच वेळ राहिलं, सॉर्बिट्रेट जिभेखाली धरून पूर्ण गेलं नाही. हा शेवटचा तपशील मला बिनमहत्त्वाचा वाटत होता. डॉक्टरांनी नेमका तोच अधोरेखित केला, कारण मोठ्या वाहिनीच्या दुखण्यात ही गोळी सहसा लवकर काम करते, बारीक वाहिन्यांच्या दुखण्यात कधी अर्धवट करते, कधी करतच नाही. वेळ, काम, हवा, किती मिनिटं, कशानं थांबलं, एवढं वहीत टिपून न्या. गोळी मात्र बसूनच घ्यायची, बीपी एकदम उतरतं.

३. ‘चौऱ्याऐंशीला कुठे होता?’

भोपाळात माझ्या वयाच्या रुग्णाला हा प्रश्न येतोच. मी अकरा वर्षांची होते. वडील रेल्वेत, क्वार्टर स्टेशनजवळ. २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि वारा जुन्या शहराकडे होता. आईनं दारांच्या फटीत ओल्या साड्या कोंबल्या आणि आम्हा भावंडांना पलंगाच्या कोपऱ्यात बसवलं. डोळ्यांत मिरचीची पूड गेल्यासारखी आग होत होती, एवढं लख्ख आठवतं.

मग माझ्या छातीचं दुखणं त्यातलंच का? ‘गॅसचंच आहे’ म्हणणारे डॉक्टर मला भेटले आणि ‘त्याचा काही संबंध नाही’ म्हणणारेही. दोघांचाही स्वर सारखाच ठाम. त्या वायूचा पहिला मार फुप्फुसांवर बसतो आणि फुप्फुसं वर्षानुवर्षं आजारी राहिली की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, हे माहीत आहे. म्हणून माझी फुप्फुसांची चाचणी झाली, इको झाला. दोन्हींत फारसं काही नव्हतं. पुढे काय, याचं उत्तर कुणाकडे नाही.

ते नसण्याला कारण आहे, आणि त्याचा मला राग येतो. गॅस सुटला त्या आठवड्यात कशावर उपचार करायचा हेच ठरत नव्हतं. गांधी मेडिकल कॉलेजचे डॉ. हिरेश चंद्र शवविच्छेदनं करत होते. त्यांना रक्त लालभडक दिसलं आणि सायनाइडची शंका आली. त्यावर सोडियम थायोसल्फेट हे औषध होतं. म्युनिकचे डॉ. डाँडरर ते घेऊनही आले. पण वरिष्ठ डॉक्टरांत वाद पेटला आणि वापर थांबला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) १९८५ च्या सुरुवातीला रीतसर चाचणी करून औषधाचा उपयोग होतो असं सांगितलं, तोवर मोलाचे दिवस गेले होते. पुढे आयसीएमआरनं पीडितांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आणि १९९४ मध्ये बंद केला. भोपाळात त्यांची पर्यावरण-आरोग्याची राष्ट्रीय संस्था उभी राहिली ती २०१० मध्ये. मधली सोळा वर्षं, म्हणजे गॅस लागलेली मुलं वाढून चाळिशीकडे सरकण्याचा काळ, नेमका हातचा गेला. माझ्यासारख्या मुलींच्या हृदयाचं पुढे काय होतं हे त्याच वर्षांत मोजायचं होतं.

आईला दम्यासारखा त्रास आहे आणि तो गॅसचा, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. तिला ती खात्री बरी पडते. मला तशी खात्री नाही, आणि आता मी ती शोधतही नाही. तरी ८४ सालची माहिती प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते, कारण ती केसपेपरवर असायला हवी. गॅसपीडिताचं कार्ड असेल तर तेही सांभाळा. करोंदच्या भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलमध्ये कार्डधारकांवर मोफत उपचार होतात, आणि तिथे हृदयविभागही आहे.

४. निदान पक्कं नसलं तरी औषध सुरू होऊ शकतं.

हे पचायला मला वेळ लागला. उदाहरणात दिलेल्या गोष्टी आधी पक्क्या लिहायच्या, असं मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला. बारीक वाहिन्यांची थेट चाचणी असते. कॅथलॅबमध्ये तार आत घालून, औषध देऊन रक्तप्रवाह किती वाढतो ते मोजतात. ती सर्रास होत नाही आणि खर्चाचीही आहे. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये दाखवलं की ही चाचणी करून त्यानुसार औषध दिलं तर दुखणं जास्त कमी होतं. म्हणजे चाचणी मिळाली तर उत्तमच. मला मिळाली नाही. डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर दिला, तो मानवला नाही, मग डिल्टियाझेम. त्याबरोबर स्टॅटिन, आणि बीपी, साखर आटोक्यात. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण जिना चढून वर्गात शिरले की फळ्याकडे तोंड करून श्वास घेत उभं राहावं लागत नाही.

५. चढ टाळायचा नाही, वाटून घ्यायचा.

श्यामला हिल्सचा किंवा ईदगाह हिल्सचा रस्ता एका दमात चढणं मी सोडलं. फिरायला बड्या तलावाच्या काठच्या सपाट रस्त्यावर जाते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य वर आल्यावरच, नाकातोंडावर मफलर घेऊन, आणि पोहे-जिलबी खाऊन लगेच तर नाहीच. पहिली दहा मिनिटं अगदी संथ चालते. चालणं बंद केलं की त्रास वाढतो, हे आमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला अनुभवानं पटलंय.

६. घरच्यांना रोज बातमीपत्र देऊ नका.

सुरुवातीला मी चेहरा जरा वाकडा केला की हे गाडीची किल्ली शोधायचे. पुण्याच्या जाऊबाई फोनवर अर्जुनसालीचा काढा सांगायच्या, वर ‘तुझं सगळं मनाचंच गं’ हेही ऐकवायच्या. काढा आधीच्या गोळ्यांबरोबर घेऊ नये, इतकंच मी त्यांना सांगते, बाकी वाद घालत नाही. ह्यांच्याशी एक ठरवलं: नेहमीचं दुखणं मी माझी सांभाळीन, वेगळं वाटलं तर लगेच सांगेन. त्यामुळे घरात शांतता आली. मन आणि हृदय एकमेकांपासून फार लांब नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण मनाचं आहे म्हणून ते खोटं ठरत नाही.

७. चौथं मत घेऊ नका.

दुसरं मत जरूर घ्या, शंका असेल तर तिसरंही. त्यानंतर एक डॉक्टर धरा. ‘मला माहीत नाही, पण आपण बघू’ असं म्हणणारा सापडला तर त्याला सोडू नका.

८. ‘वेगळं’ म्हणजे काय, ते आधीच ठरवून ठेवा.

नॉर्मल अँजिओग्राफीचा खरा धोका असा की पुढचं प्रत्येक दुखणं आपण ‘नेहमीचंच’ म्हणून उडवून लावतो. पण या आजारातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि मोठी वाहिनी पुढे कधी बंद पडणार नाही, अशी हमी जुना रिपोर्ट देत नाही. बसल्याजागी सुरू झालेलं, विश्रांती घेऊनही न थांबणारं, घाम, उलटी, धाप किंवा चक्कर घेऊन आलेलं, नेहमीपेक्षा जास्त किंवा निराळं वाटणारं दुखणं आलं, तर १०८ ला फोन करा आणि जिथे लगेच ईसीजी व ट्रोपोनिनची रक्तचाचणी होईल अशा दवाखान्यात जा. मागच्या वर्षी सगळं नॉर्मल आलं होतं, या कारणानं घरी बसून राहू नका.